गाठ लहान झाली, काकू

काकूला मी खोटं सांगितलं होतं. हे आजवर कुणालाही, बायकोलासुद्धा, बोललो नाही.

गोंजारून बोलणं काकूला जमत नसे. मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. सारी झाशी तिला टीचरजी म्हणे. बडा बाजारात एखादी पोक्त बाई पाया पडायला वाकली, की ही विचारायची, “मेंढक काटना आया, या आज भी डरती हो?” बाई हसायची, आणि काकू तिच्या पाठीवर हात ठेवायची.

आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. पुढे तिला कॅन्सर झाला, तेव्हा पोटातल्या त्या पेशींना ती ‘माझी कार्टी’ म्हणे. केमोची सलाईन चालू असताना पेशी कशी मरते ते शेजारच्या खाटेवरच्या बाईला समजावत होती, “दवा ख़ुद नहीं मारती, बहनजी. कोशिका के अंदर ऐसी गड़बड़ करती है कि वो अपने को ख़त्म कर ले. ज़्यादातर मान जाती हैं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काही कार्टी मात्र बनेल होतात. औषध आत आलं की बाहेर ढकलतात. तसं झालं तर मला सांग हो, लल्ला. मी एरचला बहिणीकडे जाईन, बेतवेकाठी बसेन. उगाच टोचून घेणार नाही.”

तसंच झालं. डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. औषध आता लागू पडत नव्हतं. दुसरं देऊन बघता आलं असतं, पण आशा फार नव्हती. “टीचरजी को बता दीजिए, भैया. फ़ैसला उनका है.” मी मान डोलावली, आणि वॉर्डात येऊन म्हणालो, “गाठ लहान झाली, काकू. आता जरा जोराचं औषध देणार आहेत.”

तिला सोडायला माझं मन तयार नव्हतं, एवढंच.

नव्या औषधाने तिचं तोंड सोलून निघालं. दहीभातही गिळवेना. पण तिचा माझ्या शब्दावर विश्वास होता. गाठ लहान होतेय आणि आपण खंगतोय, याचं कारण तिने स्वतःतच शोधलं. हिंडलं-फिरलं पाहिजे म्हणून भिंत धरून उठायची, आणि पडायची. शेवटी माझा हात धरून म्हणाली, “औषध आपलं काम करतंय रे. मीच कमी पडले. तुझी एवढी धावपळ वाया घालवली. माफ कर हं.”

“असं काय बोलतेस,” एवढंच मी म्हणालो. ती गेली ती स्वतःला नापास करून.

एरचची मावशी अजून विचारते, “ताई एकदा तरी का नाही रे आली?” मी विषय बदलतो. काकूची माफी आता मागता येणार नाही. निदान मावशीला खरं सांगणं हे माझ्यावरचं देणं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.