मारबत जिथं जाळतात

"बस खाली. इथं संस्कृतीवर चर्चा चालली आहे, गाऱ्हाण्यांवर नाही."

सर एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. हातातला खडू टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. आधी पुढच्या बाकावरचा, आमच्याच गावच्या जमीनदार मालगुजारांचा नातू हसला. मग अख्खा वर्ग. माझे कान तापले. मी बसले. आजही कुणी 'बस' म्हटलं, अगदी मायेनं म्हटलं, तरी आधी तो वर्ग कानात हसतो.

आणीबाणी उठल्यानंतरचे दिवस. आमचं गाव एकोडीच्या पलीकडे, कॉलेज तालुक्याच्या गावी. आमच्या मोहल्ल्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव वैनगंगेत सोडले. पोरगी झाली तरी शिकवायची, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं.

सर दर शनिवारी विचारमंडळ चालवायचे. आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांना दोन बाजूंनी विचार करायला शिकवायचे. त्यांचा एक नियम होता. समोरच्याचं मत खोडायच्या आधी ते तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगा. इतकं नीट सांगा की तो 'हो, हेच' म्हणाला पाहिजे. मग खोडा. हा नियम मला फार आवडला होता. माझं म्हणणं कुणी तरी पुरतं ऐकून घेईल, याचं मला भारी अप्रूप होतं. सरांनी मला विचार करायला शिकवलं हे मी नाकारत नाही. खोटं कशाला बोलू? नागपूरच्या वादविवाद स्पर्धेला ते मला नेणार होते. मी आरशापुढं भाषणं करत होते.

त्या शनिवारी नुकताच पोळा झाला होता. सर मारबतीवर बोलले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गाव मारबतीचा पुतळा काढतं. बांबूचा सांगाडा, वर पळसाची पानं. घराघरातून फुटकं सूप, झिजलेला झाडू, आजाऱ्याच्या अंगावरची चिंधी तिच्यावर पडते. रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडत पोरं तिला गावाबाहेर नेतात आणि जाळतात. सर म्हणाले, किती सुंदर विधी आहे. अख्खं गाव एक होऊन आपलं दुःख बाहेर टाकतं.

मी उठून विचारलं, "सर, बाहेर म्हणजे कुठं?"

"शिवेवर."

"शिवेवर आम्ही राहतो, सर."

त्यावर ते 'बस खाली' होतं.

आता ती पहाट सांगते. मी लहान होते. दुरून ओरडा यायला लागला की माय आतून कडी लावायची आणि दाराला पाठ लावून बसायची. मांडीवर माझी धाकटी बहीण. ओरडा जवळ येत जायचा. अगदी भिंतीपाशी यायचा. मग थांबायचा. धूर फटीतून आत यायचा आणि पोरं पळत परत जायची. आमच्या मोहल्ल्याचं पहिलं घर आमचं. त्याच्यापुढं बाभूळ, आणि बाभळीखाली मारबत जाळायची जागा. अख्ख्या गावाचा खासी-खोकला आमच्या अंगणाला लागून.

एका वर्षी एक चिंधी अर्धीच जळाली. वाऱ्यानं अंगणात आली. कुणाच्या तरी तापातल्या अंथरुणाची असेल. धाकटी रांगत गेली आणि तिनं ती तोंडात घातली. माय धावली, ओढून काढली. चारेक दिवसांनी धाकटी तापली. धानाच्या लोंब्या निसवायच्या आधी गेली.

माय म्हणायची, "त्यायनं सोडलं, ते आपल्या लेकरावर आलं." बाबा चिडायचे. "ताप ताप असते. मारबतीत काई नसते." दोघंही आपापल्या जागी अडून बसले. जेवताना एकमेकांकडे पाहायचे नाहीत. मी दोघांच्या मधे. बाबांचं पटायचं. पण ती चिंधी कुणाच्या अंगावरची होती, हे बाबांनी कधी विचारलं नाही. माय चुकीचं कारण सांगत होती, पण बोट बरोबर जागी ठेवत होती. हे मला कळलं ते सरांच्याच शनिवारांमुळे. आणि तेच बोलायला उठले तर बस खाली.

तो आठवडा मी नीट झोपले नाही. डोळा लागला की दाराला लागलेली मायची पाठ दिसायची. मारबतीवर माझा कवडीचा विश्वास नाही. पण तो ओरडा अंगात राहतो, त्याला विश्वास लागत नाही. नागपूर हातचं जाईल, ही भीतीही होतीच. मूग गिळून बसले असते तर सगळं मिळालं असतं.

पुढच्या शनिवारी उठले. सरांचा नियम सरांपुढं ठेवला. त्यांचं म्हणणं आधी मी सांगितलं. मारबत म्हणजे गावाची एकी, भीतीला नाव देऊन ती घराबाहेर काढायची रीत, पिढ्यांनी जपलेली. एक शब्द वाकडा लावला नाही.

"हो, हेच," सर म्हणाले. खूश झाले होते.

"आता माह्यं म्हणणं तुम्ही सांगा, सर."

कुणी हसलं नाही. सरांनी खडू उचलला, फळ्याकडे वळले, काही लिहिलं नाही. मग मी पुढच्या बाकाकडे वळले. मालगुजारांच्या नातवाला विचारलं, तू तर मारबत उचलायचास, कुठं टाकायचास ते तू सांग.

तो खाली बघत म्हणाला, "तुमच्या घरापाशी. पण तिथं कोणी रायते हे ध्यानात नाई आलं. मारबत टाकली का मांगं वळून पाहू नये म्हणतात."

एवढंच होतं तर. टाकायचं आणि वळून पाहायचं नाही. धाकटी त्यांच्या पाठीमागं मेली.

सर म्हणाले, तास संपला. घंटा झाली नव्हती.

नागपूरच्या स्पर्धेला दुसरी मुलगी गेली. माझी भाषा स्वच्छ नाही, असं कारण कळलं. मी रडले. बसस्टॉपवर, सगळ्यांदेखत रडले. लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला.

पुढच्या पोळ्याच्या दुसऱ्या पहाटे ओरडा सुरू झाला तशी मायनं कडी लावली. मी कडी काढली. "काहून जाऊन राहिली वो पोरी," माय म्हणाली, आणि हात धरला. मी सोडवला. दार सताड उघडं ठेवून बाभळीखाली जाऊन उभी राहिले.

मारबत आली. पोरं थबकली. मागं मोठी माणसंही होती, मालगुजारांचा नातूही होता.

मी म्हटलं, "शीव इथं नाई. आमच्या मोहल्ल्याच्या मांगं आहे. तिकडं न्या."

मग एकानं मारबत तिथंच आपटली, माझ्यापासून हातभरावर, आणि काडी लावली. धूर तोंडावर आला. मी हलले नाही. ते परत निघाले. मालगुजारांचा नातू थोडं पुढं जाऊन थांबला आणि त्यानं वळून पाहिलं. त्याचं मला कौतुक नाही. पाहिलंस ना, मग गावात जाऊन सांग. ते त्यानं सांगितलं नाही.

आग विझेपर्यंत मी उभी होते. पुढच्या वर्षीही उभी राहिले, त्याच्या पुढच्याही. सर असोत की गाव, तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. माझं म्हणणं तुम्ही तुमच्या तोंडानं, माझ्यासमोर सांगा. तोवर मी बसणार नाही.