सिग्नेचं धुणं

आमच्या शेजारची सिग्ने हाउगेन धुणं लावते तेव्हा अख्खी गल्ली खिडक्या लावून घेते. धुणं कपड्यांचं नसतं. समुद्रसिंहाची विष्ठा! बाई होडीतून खडकावर जाते, ती थबथबीत घाण फावड्याने भरून आणते, बारीक जाळीच्या पिशव्यांत बांधते आणि जुन्या वॉशिंग मशीनमध्ये फिरवते. घाण वाहून जाते, माशांची हाडं उरतात. जनावराने काय खाल्लं ते त्यांवरून कळतं. सिग्नेला या संशोधनाचा पगार मिळतो, आम्हाला फुकटात मळमळ. कुजलेली हेरिंग मासळी, ओला कुत्रा आणि तुंबलेलं गटार एकत्र उकळा. त्याहून वाईट.

हे मशीन ज्या गॅरेजमध्ये आहे ते टोर निल्सनचं. टोर कोळी, समुद्रसिंहांचा सात जन्मांचा वैरी.

"ते चोर माझे सॅमन मासे गिळतात आणि तू त्यांचे लंगोट धुतेस!" मे महिन्यात त्याने सुनावलं. "या उन्हाळ्यात सॅमनचं हाड दाखव, नाहीतर मशीन बाहेर."

"आणि दाखवलं तर?"

"तर पिशव्या मी वाहीन. होडीपासून इथवर!"

सिग्नेचा चेहरा उतरला. ही दुर्गंधी अलास्कात दुसरं कोण घरात घेणार? गॅरेज गेलं की नोकरी गेली.

ऑगस्टमध्ये तिने मला आणि टोरला हाक मारली. चाळणीत पिवळट मणके.

"सॅमन," ती म्हणाली.

टोर नाचायलाच लागला. "सांगत नव्हतो?"

"चष्मा लाव, मग नाच."

मणक्यांवर सरळ, स्वच्छ काप होते.

"दाताने असं कापतं का रे? सुरी आहे ही."

 धक्क्यावर मासे साफ करून सांगाडे पाण्यात भिरकावायचे, ही आमची आजोबांपासूनची रीत. खाली ती लठ्ठ जनावरं आ वासून बसलेली. म्हणजे चाळणीतला एखादा मणका माझ्याही जेवणातला! 

"हाड दाखवलं. आता वाहा," सिग्ने म्हणाली.

टोरने होडीतली पहिलीच पिशवी खांद्यावर घेतली आणि ती गळली. कॉलरच्या आत.

"शी! काय घाण आहे ही!"

"परकी नाही रे, तुझ्याच ताटातली आहे."

मग तिने एप्रनला हात पुसले आणि साखर भुरभुरलेल्या बटाट्याच्या पोळ्या पुढे केल्या. मी म्हटलं, पोट भरलंय. टोरने दोन खाल्ल्या. हात न धुता.