दारावरची सरस्वती

पांडवलेण्यांच्या पायऱ्या उतरताना लोक मागे रिकाम्या बाटल्या टाकून जातात, आणि किस्से. बाटल्या वॉचमन उचलतो, किस्से आम्ही गाइड मंडळी. पायथ्याच्या टपरीवर चहा घेता घेता ते साचत जातात, आणि त्यातले निम्मे तरी आमच्या मिलिंदभाऊंचे!

*

सुरगाण्याहून जीप भरून एक कुटुंब आलं होतं. त्यातल्या आजींनी बसलेल्या बुद्धमूर्तीला हात जोडले. "हा भीम हाय ना? लय दमलेला दिसतो."

भाऊ बौद्ध. आम्हाला वाटलं, आता आजींना लेक्चर! पण ते म्हणाले, "तुम्हीच दमलात आजी. बसा, पाणी प्या."

नंतर आम्ही छेडलं, तर म्हणतात, "एवढा डोंगर चढून आली म्हातारी. आधी पाणी, मग इतिहास!" आणि पाणी पाजून त्यांनी तिला सगळा बुद्ध सांगितलाही.

*

त्र्यंबकेश्वराचं दर्शन उरकून एक साहेब मॅडमना घेऊन आले. भाऊ सांगत होते, की इंद्र, ब्रह्मा हे बौद्ध धम्मातही आहेत, पण राखणदार म्हणून. साहेब भडकले. "म्हणजे आमचे देव तुम्ही पळवले!"

"पळवले नाहीत साहेब, नोकरीला ठेवले. सिक्युरिटीत!"

साहेब खो खो हसले. मॅडम नाही हसल्या.

*

हे सगळं बाहेर. घरात भाऊ एकदम कडक, देव नको म्हणजे नको! सून पल्लवी नामपूरच्या शेतकरी घरातली, गाणं शिकलेली. माहेराहून पेटीबरोबर सरस्वतीची तसबीर घेऊन आली. तसबिरीला नमस्कार केल्याशिवाय ती सूर लावत नाही, आणि भाऊंनी तसबीर कपाटात ठेवायला लावली. झालं, घरातलं गाणं बंद! भांडण नाही, रुसवा नाही, नुसती शांतता. ती शांतता भाऊंना खात होती, पण हट्ट काही सुटत नव्हता.

मी एकदा म्हणून बसलो, "भाऊ, इंद्र चालतो आणि सरस्वती नाही?"

भाऊ अर्धा चहा टाकून उठले. मला फार वाईट वाटलं.

*

मग जपानी ग्रुप आला. त्यातल्या एका आजीबाईंनी मोबाइलवर आपल्या गावच्या देवळातला फोटो दाखवला. देवी, हातात वीणेसारखं वाद्य. दुभाष्या म्हणाला, "ही तुमच्याकडूनच आली. आमच्याकडे बुद्धाच्या धम्माचं रक्षण करते."

"अहो, ही तर आमच्या पल्लवीची!" भाऊंच्या तोंडून निघून गेलं.

*

त्या संध्याकाळी मी भाऊंना स्कूटरवरून पाथर्डी फाट्याला घरी सोडलं. दारातच त्यांनी पल्लवीला फोटोची हकिगत सांगितली. म्हणाले, "लाव तुझी तसबीर. पण बाहेर, दारावर. राखणीला. आत नको."

पल्लवीने खुर्ची आणली, चौकटीवर बाहेरून खिळा ठोकला, तसबीर टांगली. मग चपलांच्या शेजारी, दाराबाहेरच उभी राहून तिने हात जोडले.

भाऊ बघत राहिले.

"माझ्या बापाला देवळाच्या दाराबाहेर उभं करायचे," ते म्हणाले. "पल्लवी, आत घे तिला. माझ्या घरी कुणाला दारात उभं करायचं नाही."