मागचं दार नसलेलं घर

माझ्या एका थापेवर विद्यापीठात संगीत नाटक बसलं. थाप चांगली पंधरा-सोळा वर्षं मुरलेली होती आणि ती मी एका सहा वर्षांच्या पोरीला झोपवायला मारली होती. ती पोर म्हणजे माझी नात. मोठी होऊन ती नाट्यशास्त्र विभागात शिकायला जाईल, तिथं शेवटच्या वर्षाला स्वतःचं नाटक लिहून बसवावं लागेल आणि विषय शोधताना तिला नेमकी आजी आठवेल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी तिला सरळ राजा-राणीची गोष्ट सांगून मोकळी झाले असते.

गोष्ट अशी. देवगाव रंगारीला आमची शेती. मला एक भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गावच्या जत्रेत नाटक व्हायचं, त्यात बाईचं काम तो करायचा आणि नाटक संपलं तरी लुगडं सोडायला तयार नसायचा. मग एक दिवस म्हणाला, मी मुलगीच आहे. वडिलांनी त्याला दावणीच्या दोरानं मारलं. तो घर सोडून गेला. इथवर सगळं खरं.

पुढची थाप. माझं लग्न होऊन मी औरंगाबादला आले होते. बसवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं, माझ्या तोंडात जुनंच बसलंय. एका भरदुपारी भाऊ साडी नेसून माझ्या दारात उभा राहिला. पुढच्या खोलीत पाहुणे होते, म्हणून मी त्याला मागच्या दारानं आत घेतलं, पाटावर बसवलं, पुरणपोळीवर तुपाची धार धरली आणि जाताना माझ्या पेटीतली साडी त्याला नेसायला दिली. "कोणत्या रंगाची?" नातीनं डोळे मिटता मिटता विचारलं. मी म्हटलं, हिरवी. पुढच्या वर्षी साडीला काठ आले. त्याच्या पुढच्या वर्षी पदरावर मोर आले. आता त्या मोरांवर पेटी-तबल्यासकट अख्खं गाणं होतं.

नातीनं मला तालमीला बोलावलं. आमच्या पडेगावहून विद्यापीठ काही लांब नाही. केसाला तेल लावून, चांगलं पातळ नेसून गेले. तिथले सर माझ्या मुलाच्या वयाचे. खुर्ची देत म्हणाले, "मावशी, स्वीकार हा या नाटकाचा गाभा आहे. पन्नास वर्षांपूर्वी एका साध्या गृहिणीनं जे केलं ते आजही आपल्याला जमत नाही." मी पदर सावरून खाली बघितलं. साध्या गृहिणीनं काय केलं ते मला ठाऊक होतं. सर पुढं म्हणाले, "प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या घंटेआधी आम्ही जाहीर करणार, ही लेखिकेच्या आजीची खरी गोष्ट आहे. आणि तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ."

"कशाला, कशाला," असं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. शालीचा मोह कुणाला नसतो?

तालमीच्या हॉलमध्ये घर नव्हतं. फरशीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावून घराचा नकाशा काढला होता. इथं भिंत, इथं उंबरा, इथं खिडकी. पोरं त्या पट्ट्या ओलांडायची नाहीत. भिंतीतून कसं जाणार? नात म्हणाली, "आजी, तू चाल ना त्या घरातून. तू जशी चालायचीस तशी. मला बघायचंय."

मी उंबऱ्यावर उभी राहिले. चप्पल आपोआप बाहेर काढली. पन्नास वर्षांत मी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्या पाडून तिथं कधीच दुकानं झालीत. पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. पाय कॉटला वळसा घालून गेले. माठापाशी जरा आखडले, तिथं फरशी कायम ओली असायची. स्टोव्हपाशी आले, आणि मग थांबले.

"आता मागचं दार," नात म्हणाली.

सेटचं काम बघणारी मुलगी पट्टीचं रीळ घेऊन उकिडवी बसली होती. "आज्जी, नेमकं कुठं होतं सांगा. सुताराला माप द्यायचंय."

मी बोट दाखवलं. तिनं तिथं पट्टी लावली. घरी येताना रिक्षात मला घाम फुटला.

चार दिवसांनी परत गेले. फरशी पुसताना पट्ट्या निघाल्या होत्या, सगळ्या नव्यानं लावायच्या होत्या. मी पुन्हा बोट दाखवलं. ती पोरगी हसली. "आज्जी, त्या दिवशी तुम्ही या भिंतीला म्हणालात. आज त्या भिंतीला. माठाची जागा बोटभरसुद्धा हलली नाही आणि दार कसं फिरायला लागलं?"

सगळे हसले. मीही हसले. नात हसली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "चल आजी, चहा पिऊ."

बाहेर पायऱ्यांवर बसलो. कागदी कपातला चहा दुधाळ होता, मला आवडतो तसा. अर्धा पिऊन मी कप पायरीवर ठेवला.

"मागचं दार नव्हतं," मी म्हटलं.

"म्हणजे बुजवलं होतं?"

"नव्हतंच गं. मागची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली."

मग मी तिला सांगितलं. इतकी वर्षं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलाला सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी नणंदेला बघायला वैजापूरचे पाहुणे आले होते. बावीस वर्षांची एक बाई पोहे परतत होती. नवऱ्याला कारकुनाचा हेडक्लार्क केलं तर ही गल्लीभर सांगत फिरली होती, जणू सही हिलाच करायची होती. भाड्याच्या दोन खोल्यांना ती 'ब्लॉक' म्हणायची. अंबाड्यावर जाळी, जाळीवर आकडे, डोकं म्हणजे नुसतं हार्डवेअरचं दुकान. त्या बाईला कडी वाजलेली ऐकू आली. तिनं दार वीतभर उघडलं.

भाऊ होता. भडक गुलाबी नायलॉनची साडी, पोलकं खांद्यावरून उतरत होतं, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं. खांद्याला पिशवी. जत्रेतलं नाटक संपलं की तो धावत माझ्याकडं यायचा आणि विचारायचा, "कसं झालं गं आक्का?" तेच तोंड घेऊन उभा होता. भीक मागायला आला नव्हता. राहायलाही नव्हता. दाखवायला आला होता.

"आक्का," तो म्हणाला, "वळखलंस का?"

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण हाय गं?"

"मागच्या दारानं ये," मी पुटपुटले.

तो केवढा हसला! "व्हय, येतो की," म्हणाला आणि साडी सावरत गल्लीतून पळाला. मी कडी घातली. सासूबाईंना म्हटलं, कुणी नाही, मागणारी बाई.

त्यानं माझं घर आधी कधी बघितलं नव्हतं. तो शोधत राहिला. मी पोहे वाढत होते आणि मला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. उजवीकडून गेला. कोपऱ्यावर थांबला. डावीकडून आला. कुठल्या तरी भिंतीवर टकटक केली, हळू आवाजात म्हणाला, "इकडून हाय का, आक्का?" पुन्हा गेला. पाहुण्यांनी पोहे मागून मागून खाल्ले. चहा झाला, पसंती झाली, नणंदेच्या हातात नारळ पडला. मग केव्हातरी चपला ऐकू येईनाशा झाल्या.

नात कप चुरगळत होती. "मग पुरणपोळी?"

"पोहे. ते पण पाहुण्यांना."

"साडी?"

"हिरवी साडी माझ्याकडं कधीच नव्हती बाई."

"तो परत आला?"

"नाही."

"शोधलंस?"

सिग्नलला टाळी वाजली की मी अजून पर्स उघडायच्या आधी चेहरा बघते. बसस्टँडवर बघते, लग्नघराच्या मांडवात बघते. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते बघणं झालं आजी. शोधणं नाही."

आणखीही सांगायचं होतं, पण ते तिथं जमलं नाही. त्यानंतर मी तीन घरं बदलली. दुपारी दोनच्या सुमाराला, भांडी झाली, पंखा लावून आडवं पडलं की चपला फिरायला लागतात. उजवीकडून जातात, कोपऱ्यावर थांबतात, डावीकडून येतात. आता आम्ही पडेगावला तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिसऱ्या मजल्याच्या मागून कोण फिरणार? तरी फिरतं. वरच्याच्या पोराच्या सायकलचा आवाज असेल, असं मुलगा म्हणतो. त्या पोराला सायकलच नाही.

"तीन महिने मी सगळ्यांना सांगतेय," नात म्हणाली, "माझी आजी अशी आहे, म्हणून मी हे लिहू शकले." मग ती उठली आणि आत गेली. माझा चहा थंड झाला.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा न्यायची, डबा आणायची. मी आपलं तिच्यासमोर मुद्दाम खोकून बघितलं, गुडघा धरून बघितलं. पोरगी नटांमध्ये राहते, तिला नाटकं कळतात. हूं की चूं नाही. चौथ्या दिवशी सकाळी चपातीचा तुकडा मोडत, ताटाकडं बघत तिनं विचारलं, "गल्लीतून पूर्ण फेरी मारायला त्याला किती वेळ लागायचा?"

मी विचार केला. "पोह्यांची एक बशी संपेपर्यंत दोन फेऱ्या."

तिनं ते मोबाईलवर टिपून घेतलं. "शाल मिळणार नाही."

"सुटले म्हण की."

"आणि तालमीला येऊ नकोस आता. प्रयोगालाच ये."

"बोलावतेस तरी कशाला मग?"

"तू बसायला पाहिजेस तिथं," ती म्हणाली. आवाजात राग होता का, मला अजून सांगता येत नाही.

प्रयोग संध्याकाळी पाचला होता. मला चौथ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली. दोन घंटा झाल्या, सर माईकवर आले. म्हणाले, "ही खरी गोष्ट आहे. लेखिकेला ती आधी चुकीची सांगण्यात आली होती." लोक हसले. मी मान खाली घालून पिशवीतली बडीशेप शोधली.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. सेटवर मागची भिंत सलग होती, सुतारानं कुठंही दार कापलं नव्हतं. अंबाड्यावर जाळी घातलेली पोरगी पोहे परतत होती. ती तिच्या 'ब्लॉक'चं असं काही कौतुक गात होती की हॉल खदखदून हसला. मी सगळ्यांत जास्त हसले. शेजारच्या बाईनं वळून बघितलं.

कडी वाजली.

भावाचं काम कन्नड तालुक्यातला एक पोरगा करत होता. गुलाबी साडी, खांद्यावरून उतरणारं पोलकं. त्याचा गळा असा, की त्यानं नुसतं "आक्का" म्हटलं तरी माझ्या हातातली बडीशेप सांडली. "मागच्या दारानं ये," जाळीवाली म्हणाली. तो हसला, स्टेजच्या पायऱ्या उतरून प्रेक्षकांमधून पळाला, माझ्या खुर्चीला त्याचा पदर घासून गेला, आणि तो हॉलच्या बाहेर पडला.

गाणं बाहेरून सुरू झालं. पेटी नाही, तबला नाही. "आक्का गं, दार कोणतं सांग." स्टेजवर बशा वाजत होत्या, नवऱ्या मुलाचा काका पगार विचारत होता, आणि भिंतीपलीकडून आवाज डावीकडून निघून मागं गेला, मागून उजवीकडं आला, पुढं येऊन पुन्हा निघाला. लोक आवाजाच्या दिशेनं माना फिरवायला लागले. पाहुणे एकेक करून उठून गेले. जाळीवाली एकटी राहिली, हात कडीवर. दिवे उतरले. पडदा पडला नाही. गाणं फिरतच राहिलं.

कुणी टाळी वाजवेना. शेजारची बाई माझ्याकडं वाकली. "संपलं का हो?"

"पन्नास वर्षं झाली," मी म्हटलं, "मलाही कळालेलं नाही."

आणि मी उठले. चौथी रांग, कडेची खुर्ची. कुणाच्या पायावर पाय द्यावा लागला नाही. बाजूच्या दारानं बाहेर आले. ऊन उतरत होतं. हॉलच्या मागं जनरेटर, मोडक्या खुर्च्या, गोखरूचं गवत. कोपऱ्यावरून तो पोरगा आला. अनवाणी, साडी एका हातानं वर धरलेली, चेहऱ्यावरची पावडर घामानं ओघळलेली. मला बघून घाबरला, पण गाणं तोडलं नाही. माझ्यापाशी येऊन पुढं गेला.

मी त्याच्या मागून चालायला लागले. गुडघा पहिल्याच वळणावर बोलला. पोरानं ते ऐकलं असावं, त्यानं पाय सावकाश टाकायला सुरुवात केली. भिंतीच्या आत एवढी माणसं, पण चिटपाखराचा आवाज नाही. आम्ही मागून फिरून पुढं आलो, पुढून पुन्हा मागं गेलो. मी त्याचं कोपर धरलं. घामानं ओलं होतं.

दुसऱ्या फेरीत ओळ संपवून श्वास घेता घेता तो कुजबुजला, "आज्जी, ताई म्हणाल्या टाळ्या पडल्या की थांब. टाळ्याच पडंनात. काय करू?"

मी कान देऊन ऐकलं. आत अजून सगळे गप्प बसले होते.

"मग चल," मी म्हटलं.