विहीणबाई बोटीवर

पडदा ओढून घेतला तरी उजेड आत येतोच. नॉर्वेच्या या टोकाला जूनमध्ये सूर्य मावळत नाही, असं बोटीवर चढताना सांगितलं होतं, आणि तेव्हा ते ऐकून मला फार छान वाटलं होतं. आता दुपार आहे आणि मी पलंगावर आडवी झालेय. पलंग दोघांचा आहे. कपाट दोघांचं आहे. बाल्कनीत खुर्च्या दोन आहेत. बोट अगदी हळू डुलतेय, जाता जाता कुणी पाळण्याला हात लावून जावं तशी. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात.

संध्याकाळच्या आत मला केतकीला कळवायचंय. केतकी माझी मुलगी, पुण्यात असते. उद्या बोट ट्रॉम्सोला लागेल, तिथे विमानतळ आहे. मी हो म्हटलं की ती तिकीट काढेल आणि मी उरलेला प्रवास सोडून घरी जाईन. ‘का’ असं तिने एकदाही विचारलं नाही. “तुला बरं वाटेल तसं कर आई,” एवढंच म्हणाली.

कारण सांगण्यासारखं मोठं नाहीच. पहिल्या संध्याकाळी मी जेवणाच्या हॉलमध्ये गेले. मॅडमबरोबर आणखी कुणी येणार आहे का, असं वेटरने विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्याने माझ्यासमोरची बशी उचलली, काटेचमचे उचलले, ग्लास उचलला, घडी घातलेला नॅपकिन उचलला. सगळं हसतमुखाने, अदबीने. समोर नुसता पांढरा टेबलक्लॉथ उरला. मी अर्धं सूप टाकून उठले. तेव्हापासून जेवण खोलीतच मागवते.

याआधी मी दोनदा क्रूझला गेले होते आणि दोन्ही वेळा समोरच्या त्या जागी मनोरमाबाई दिघे होत्या. केतकीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई. इंदूरच्या. गेल्या वैशाखात गेल्या. जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत.

बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज येतो.

“किती झोपता हो विहीणबाई,” कुणीतरी म्हणतं. “बाहेर अख्खे डोंगर चाललेत आणि तुम्ही पडदा लावून पडल्यात.”

मी डोळे उघडते. त्या बाल्कनीतल्या पलीकडच्या खुर्चीत बसल्या आहेत, अंगावर जांभळी माहेश्वरी, पाय कठड्याला टेकवलेले. त्यांना बघून मला आश्चर्य वाटत नाही. उशीर का केलात, असंच मनात येतं.

“तुम्ही कधी आलात?”

“मघाशीच. तुमचं जेवण दाराशी आलंय. झाकण उघडून बघितलं. यांच्या माशाला मीठमसाला काही माहीतच नाही का?”

“लिंबू पिळलं की बरा लागतो.”

“लिंबू पिळलं की कागदही बरा लागेल.” त्या उठतात. “चला, चालून येऊ.”

मी चपला शोधते. त्या मिळत नाहीत, म्हणून तशीच निघते. कॉरिडॉरमध्ये निळा गालिचा आहे, दोन्ही बाजूंना सारखी दारं. बोट हलते म्हणून आम्ही एकमेकींचा दंड धरून चालतो. पुढे कुठेतरी सनई वाजतेय. गालिचा पायाखाली ओला लागायला लागतो, मग तो गालिचा राहत नाही, नुकतीच धुतलेली फरशी होते. आम्ही इंदूरच्या कार्यालयात आहोत. केतकीचं लग्न आज आहे. विहिणींची पंगत मांडलीय, चांदीच्या ताटाभोवती रांगोळी आहे, आणि गोल खिडक्यांतून बाहेर समुद्र दिसतोय.

“बसा,” त्या मला म्हणतात.

“पण मी मुलीकडची. ही पंगत तुमची आहे.”

“मला कुठे भूक आहे? बसा तुम्ही.”

त्या दिवशी खरं असंच झालं होतं. मी सकाळपासून उपाशी धावत होते, आणि पंगतीत मानाच्या पाटावर बसलेल्या या बाईंनी मला हात धरून शेजारी बसवलं होतं. त्यांच्या नणंदांनी एकमेकींकडे बघितलं होतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई, जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. माझ्याशी असं थेट येऊन कुणी बोललेलं नव्हतं.

मी पहिला घास घेते. ताट माझ्या नाशिकच्या ओट्यावर आहे. मी उभ्यानेच जेवतेय. घरात कापूर आणि ओल्या चटयांचा वास आहे. माझ्या यजमानांचा तेरावा झालाय, पाहुणे गेलेत, आणि विहीणबाई मात्र गेलेल्या नाहीत. त्या डायनिंग टेबलाशी बसून वाटाणे सोलताहेत.

“पासपोर्ट आहे का तुमच्याकडे?” त्या विचारतात.

हेही तेव्हा असंच झालं होतं. तेव्हा मला हसू आलं होतं, त्या सगळ्या दिवसांतलं पहिलं. आताही येतं. “मला कशाला पासपोर्ट?”

“काढून ठेवा. वाटाणे होतायत तोवर फोटो काढून या.”

“लोक काय म्हणतील विहीणबाई?”

“म्हणतील, दिघ्यांच्या बाईने टिपणीसांच्या बाईला बिघडवलं. म्हणू देत.” एक वाटाणा टेबलावरून घरंगळतो. त्या तो अडवत नाहीत. तो जमिनीवर पडतो, ओट्याखालून पुढे जातो, दाराबाहेर जातो, आणि मी त्याच्यामागे वाकून बाहेर येते तर पायाखाली धक्क्याचे दगड आहेत.

मुंबईचा धक्का. समोर उंच पांढरी बोट उभी आहे. सगळे चढताहेत. विहीणबाई आपल्या सुटकेसवर बसल्या आहेत. अंगावर तीच साडी, पण केस काळे आहेत आणि चेहरा मला माहीत नाही इतका घाबरलेला.

“चढत का नाही?” मी विचारते.

“नाहीच चढले ना.” त्या बोटीकडे बघत राहतात. “आमचे हे गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी. गोव्याची बोट होती. सगळ्यांना सांगून निघाले होते, एकटी जाणार म्हणून. केतकीने साडीला फॉल लावून दिला, नातीने डबा भरून दिला. इथवर आले. एका मुलीने विचारलं, आंटी, तुमच्याबरोबर कोण आहे? आणि माझे पायच उचलेनात. बोट सुटेपर्यंत इथेच बसले, मग गाडी पकडून इंदूरला गेले.”

“पण केतकी तर म्हणाली होती, बोट रद्द झाली.”

“मीच तसं सांगितलं. अजून तसंच माहीत आहे सगळ्यांना.”

बोटीचा भोंगा वाजतो. त्याचा आवाज छातीत येऊन थांबतो. मी त्यांच्या सुटकेसवर, उरलेल्या कोपऱ्यावर टेकते. आम्ही दोघी त्या एवढ्याशा जागेत बसतो.

“मग तुमच्याकडे आले,” त्या म्हणतात. “सगळे मला म्हणाले, मनोरमाबाई, केवढं मोठं मन, विहिणीला दुःखातून बाहेर काढायला गेलात. मी काही बोलले नाही. मला सोबत हवी होती. तुम्ही नसता तर मी इंदूरच्या बाहेर पडले नसते.”

“मला तर वाटायचं तुम्ही कशालाच घाबरत नाही. सिंगापूरच्या बोटीवर तुम्ही त्या बँडवाल्यांबरोबर नाचलात.”

“तुम्ही माझी पर्स धरून बसला होतात म्हणून नाचले.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवते. हात गार आहे, पण हात आहे. मला खूप काही बोलायचं असतं. तुम्ही मला उठवलंत, घराबाहेर काढलंत, ग्रीसमध्ये त्या निळ्या पाण्यात मला गुडघ्यापर्यंत उतरवलंत. पण तोंडातून एवढंच येतं, “बरं झालं तुम्ही आलात.”

“बरं झालं तुम्ही आत घेतलंत,” त्या म्हणतात.

दगड ओले होतात, मग लाकडाच्या फळ्या होतात. आम्ही बोटीच्या सगळ्यांत वरच्या डेकवर आहोत, मी एका बाकावर आणि त्या माझ्या मागे उभ्या. दोन्ही बाजूंना डोंगर सरकताहेत, इतके जवळ की हात लांब केला तर बर्फाला लागेल. उजेड पिवळा, मऊ आहे. कुठूनही येतो, कुठेही सावली पडत नाही.

“केस ओले ठेवून झोपलात,” त्या म्हणतात आणि त्यांची बोटं माझ्या केसांत शिरतात. “आता सांगा.”

“काय सांगू?”

“एकटीने कसं असतं ते. मला काय माहीत? मी कधी गेले नाही.”

‘काहीच नाही,’ असं मी म्हणणार असते. खोलीत बसून असते, रडू येतं, असं सांगणार असते. पण त्या केसांचे पेड वेगळे करताहेत, मान हलवता येत नाही, आणि समोर डोंगरावरून एक पांढरी रेघ उतरतेय.

“धबधबे आहेत,” मी म्हणते. “एवढ्या उंचावरून पडतात की खाली पोचेपर्यंत त्यांची वाफ होते. आवाज येत नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी मोठ्याने ‘बघा’ म्हणाले. शेजारी कुणी नव्हतं.”

“मग?”

“मग मी एकटीच बघत बसले. खूप वेळ. तुम्ही असता तर तुम्ही मला चहाला ओढून नेलं असतंत.”

“नेलंच असतं. मग?”

“लिफ्टमध्ये एक डच बाई भेटते, माझ्याहून म्हातारी. तिचं इंग्रजी मला कळत नाही, माझं तिला. रोज ती मला बोटाने दाखवते की कुठल्या बाजूला बघायचं. एका बंदरात उतरले तेव्हा रस्ता चुकले. चर्चच्या पायऱ्यांवर बसून बिस्किटं खाल्ली. एक पांढरं मांजर आलं. त्यालाही दिलं. मग आपोआप रस्ता सापडला.”

“घाबरला नाहीत?”

मी आठवून बघते. “नाही. तेव्हा नाही घाबरले. खूश होते.”

हे मला आत्ता, सांगताना कळतं. त्या मागे हसतात, मला ऐकू येतं. त्यांची बोटं झरझर चालताहेत, ओढताहेत, गुंफताहेत. कधी इतके पेड असतात का, असं वाटतं.

“काय घालताय?”

“चौपेडी. माझी आई घालायची, शाळेत गॅदरिंग असलं की. चार पेड. मान सरळ ठेवा.” त्या एक पेड घट्ट ओढतात. “आणि ट्रॉम्सोच्या पुढे काय आहे?”

“नॉर्थ केप. उंच कडा आहे म्हणे. त्याच्यापुढे समुद्रच, सरळ उत्तरेला.”

“ते मला कोण सांगणार?”

हे ऐकून मला वाईट वाटत नाही. बरोबर उलटं वाटतं, कुणीतरी आपली वाट बघतंय असं.

“विहीणबाई,” मी म्हणते आणि वळायला जाते.

“मागे बघू नका, पेड सुटतील. झालंच आहे. हं. आता जेवायला जा प्रफुल्ला.”

नावाने त्यांनी मला आयुष्यात कधी हाक मारली नव्हती. मी तशीच ताठ बसून राहते. केसांवरचा हात हलका होतो, आणखी हलका होतो, आणि डोंगर पडद्यासारखे हलायला लागतात.

तो पडदाच आहे. बाल्कनीचं दार थोडं उघडं राहिलंय आणि वाऱ्याने तो आत येतोय. मी पलंगावर आहे. उशी ओलसर आहे. दाराबाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेतंय. मी उठून बसते, केस मागे सारायला हात मानेशी नेते, आणि हात तिथेच थांबतो.

मी आरशासमोर जाते. पाठ वळवून, मान मुरडून बघते. पांढऱ्या-काळ्या केसांची बारीकशी वेणी, घट्ट, मानेपासून खालपर्यंत एकसारखी. टोकाला रबर नाही, त्याच केसांची गाठ मारलीय. बोटांनी पेड मोजते. चार. मला जन्मात कधी तीनच्या पुढे घालता आली नाही.

पलंगावर बसून मी थोडा वेळ रडते. मग तोंड धुते आणि केतकीला व्हिडिओ कॉल लावते.

“तिकीट काढू नकोस,” मी सांगते. “मी पुढे जाणार आहे.”

“नक्की ना आई?”

“नक्की. नॉर्थ केप बघायचंय.”

ती माझ्याकडे निरखून बघते. मी बॅगेतून साडी काढायला वळते, तशी माझी पाठ तिच्याकडे होते. “आई, वेणी कुणी घातली तुला?” ती विचारते. तिचा आवाज जरा वेगळा लागतो.

“होती एक बाई ओळखीची,” मी म्हणते.

“एक, दोन, तीन, चार,” ती हळूच पेड मोजते. मग म्हणते, “सोडू नकोस. छान दिसतेय.”

खाली जेवणाची घंटा होते. मी मोरपंखी साडी नेसते. पाठीवरून पदर ओढून घ्यायची माझी जुनी सवय आहे, पण आज तो नीट घडी करून खांद्यावर पिनेने बसवते. म्हणजे वेणी झाकली जाणार नाही.