पांढरी दोन

गेली चौतीस वर्षं मी नांदेडच्या आमच्या चर्चमध्ये लोकांकडे पाठ करून बसतो. यात उद्धटपणा काही नाही. मिशनच्या साहेबांनी पायपेटी भिंतीला लावून ठेवली आणि नंतर तिला हलवायची कुणाची छाती झाली नाही. दोन पायांनी भाता चालू ठेवायचा, दोन हातांनी वाजवायचं, आणि पाळकसाहेब कधी उभे राहिले, मंडळी कधी बसली, हे समोर खिळ्याला टांगलेल्या दाढीच्या आरशात बघायचं. गावातली लग्नं, बाप्तिस्मे, दफनविधी मी वीतभर काचेत पाहिले आहेत. लोकांनीही मला बहुतेक पाठीवरूनच ओळखलं. बाजारात समोरून भेटलो तर पुष्कळांना क्षणभर कळत नाही, हा कोण.

पोटासाठी मी विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी केली, पण काय करता असं कुणी विचारलं तर मी अजून 'वाजवतो' असंच सांगतो. रविवारी चर्च आणि एरवी मिळेल तिथं साथ. लातूर, उदगीर, देगलूर, उमरी. नाट्यपदांचा कार्यक्रम असो की कुणाच्या वास्तुशांतीचं भजन, मी हातपेटी घेऊन एसटीत. पत्रिकेत गायकाचं नाव ठळक, त्याखाली तबलजी, आणि पार तळाशी, प्रेसवाल्याच्या नावाच्या जरा वर, मी. एकट्यानं वाजवायला मिळालं ते एकदाच, लातूरला. प्रमुख पाहुण्यांची गाडी वाटेत पंक्चर झाली होती. आयोजक धावत आले, म्हणाले, "तुम्ही जरा वाजवत राहा, न्हाई तर लोकं उठून जातील." त्या हॉलमध्ये एका संगीत विद्यालयाचा सुरेख ऑर्गन होता. मी भीमपलास काढला. आलाप कुठं जमून येतोय तोवर गाडी आली. टाळ्या झाल्या त्या पाहुण्यांना. पाचव्या रांगेत माझी बायको होती, ती मात्र हारतुरे संपेपर्यंत माझ्याकडेच बघून टाळ्या वाजवत राहिली.

तिला माझ्या या 'साथी'ची फार गंमत वाटायची. शेजारीण विचारायची, "साहेब कुठं गेले?"

"साथीला."

"कसल्या?"

"ताप-खोकल्याच्या न्हाई हो, पेटीच्या. आमच्या घरात बारमाही साथ हाय."

ती देवणीकडची. तिकडचे लोक आपल्या बैलांचं जितकं कौतुक करतात तितकं जावयाचं करत नाहीत, हे मला लग्नातच कळलं होतं. तिचा आवाज जाड, थोडा घोगरा, आणि ओढूनताणून पाच-सहा सुरांचा. पेटीवाल्याची बायको म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी बायकांनी तिला मानानं दुसऱ्या बाकावर उभं केलं. आमच्या मंडळीचं एक जुनं गीत आहे, चार कडव्यांचं. लग्नालाही चालतं आणि मयतालाही. त्याची रीत अशी की तिसऱ्या कडव्याला पेटी थांबते. बायका ते उचलतात, पुरुष मागून येतात, आणि चौथ्याला पेटी पुन्हा शिरते. का, ते कुणाला माहीत नाही. माझ्याआधी पेटीवर बसणारे मास्तर तसं करायचे, म्हणून मीही करतो.

पेटीवरचे सूर आम्ही रंगानं आणि आकड्यानं ओळखतो. ज्या सुरावर 'सा' धरायचा, ती गाण्याची पट्टी. हे गीत मास्तरांच्या काळापासून पांढरी चारमध्ये चालायचं. त्याची तिसरी ओळ वर चढते. त्या रविवारी ती ओळ आली आणि मला आरशात दिसलं की माझ्या बायकोचे ओठ हलताहेत, पण आवाज नाही. शेजारच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी नेला. चारही कडव्यांत तिसऱ्या ओळीला ती अशीच मुकी झाली. 

पुढच्या रविवारी मी ते गीत पांढरी दोनमध्ये धरलं. मधली काळी धरून सरळ तीन सूर खाली. तिचा आवाज तिथं आरामात पोचला, इतका की पहिल्यांदा मला तो भिंतीवर आपटून परत येताना ऐकू आला. सुरेल नव्हता. पण होता.

उपासना संपल्यावर एका जुन्या पंचांनी मला गाठलं. "काय हो, आज गाणं बसल्यावानी वाटलं. सर्दी झाली का पेटीला?"

मी चर्चच्या दारात उभा राहून धडधडीत खोटं बोललो. "पांढरी चारचा सूर अडकून राहिलाय. मुंबईहून माणूस यावा लागतो."

"मग राहू द्या," ते म्हणाले. "खर्चात कशाला पडायचं?"

ते जे राहिलं, ते तीस वर्षं राहिलं. मंडळीत पेटीतलं कुणालाच काही कळत नव्हतं, हे माझं भाग्य. कारण दुसऱ्या गीतांमध्ये तीच पांढरी चार मी खुशाल दाबत होतो आणि ती खणखणीत बोलत होती. मंडळीतली पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, आणि सगळ्यांना वाटत राहिलं की आमच्या चर्चची पट्टीच ही. बाहेरगावच्या चर्चला गेले की म्हणायचे, इथली लोकं फार ओरडून गातात. बायकोला मी कधी सांगितलं नाही. एकदा लातूरहून परत येताना एसटीत मला वाटलं, ती झोपली. ती डोळे मिटूनच म्हणाली, "लोकं म्हणतात पेटी बिघडली हाय. बिघडली ती पेटी का पेटीवाला?" मी खिडकीबाहेर बघत बसलो. तिनं माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली आणि खरोखरच झोपून गेली.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. आजारपण लांबलं नाही, त्यामुळे मनाची तयारीही झाली नाही. दफनविधीच्या सकाळी पाळकसाहेब माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि अडखळत म्हणाले, "पेटीवर... दुसरं कोणी तर नाही." खरंच नव्हतं. मुलगी हैदराबादहून आली होती, ती पहिल्या बाकावर एकटी बसली आणि मी माझ्या जागेवर जाऊन बसलो, बायकोकडे पाठ करून. ती पेटी आणि ही पेटी, मधे दहा पावलं. मी ते गीत तिच्या पट्टीत धरलं. तिसऱ्या कडव्याला माझे हात रिकामे झाले. तेवढ्या वेळात वळून तिच्याकडे बघता आलं असतं. पण चौथ्याला वेळेवर शिरायचं म्हणून मी पट्ट्यांवरच डोळे लावून बसलो. चौतीस वर्षांत मी पुष्कळ चुका केल्या, त्यातली ही एकच मला छळते.

त्यानंतर घर फार मोठं वाटायला लागलं. दोन खोल्यांचंच आहे. मुलगी रोज फोन करते, मी रोज 'जेवलो' म्हणून सांगतो, आणि कधीकधी ते खरंही असतं. गळा बसला म्हणून कार्यक्रम सोडलेले गायक पाहिले होते, पण माझं तर काहीच बसलं नव्हतं, तरी मी साथीला जाणं बंद केलं. परत येऊन कुणाला सांगायचं, कसं झालं ते? फक्त रविवारची पेटी ठेवली. खरं सांगायचं तर त्या एका गीतासाठी ठेवली. दुसऱ्या बाकावरची तिची जागा आता दुसऱ्याच कुणी घेतली होती. तिचे कपडे मुलीनं वाटून टाकले. तिच्या मापाचं असं या गावात एवढंच काही उरलं होतं, की दर रविवारी दीडशे माणसं तिच्या आवाजाच्या उंचीला उभी राहून गात होती. हे मला एकट्याला ठाऊक होतं, आणि एकट्याला ठाऊक असणं फार जड जात होतं.

यंदा हंगामाच्या सणाला लातूरची मंडळी आमच्याकडे यायची ठरली. दोन्ही मंडळ्यांनी मिळून गायचं, आणि गाणं बसवायला लातूरच्या एक मॅडम, शाळेत संगीत शिकवणाऱ्या. शनिवारी दुपारी सराव होता. त्यांनी आमच्या लोकांचं ते गीत ऐकलं, दुसऱ्या कडव्यातच हात वर करून थांबवलं आणि माझ्यापाशी आल्या.

"सर, एवढं खाली का? आमच्या बायकांचा आवाजच लागून नाही राहिला. पांढरी चारला घेऊ."

"पांढरी चार बोलत न्हाई," मी म्हणालो. तोंडातून ते आपोआपच निघालं.

मॅडमनी माझ्या खांद्यावरून हात घातला आणि पांढरी चार दाबली. माझे पाय सवयीनं भात्यावर चालूच होते. सूर असा स्वच्छ बोलला की मागे कोणीतरी 'वा' म्हणालं.

"हा तर छान बोलतोय, सर."

"दुरुस्त झाला वाटतं," मी म्हणालो.

"कधी?"

"आत्ताच."

मॅडम हसल्या. माझे कान तापले. मी लहान मुलासारखा पकडला गेलो होतो, आणि राग आला तो त्यांचा नाही, स्वतःचाही नाही. जी समोर नव्हती तिचा आला. तिनं असायला हवं होतं, पदर तोंडाशी धरून हसायला. मी म्हणालो, "ठीक आहे. उद्या पांढरी चार." मॅडमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एका माणसाच्या आवाजासाठी दोन गावांनी खाली वाकून गावं, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

सगळे गेल्यावर मी रिकाम्या चर्चमध्ये ते गीत पांढरी दोनमध्ये एकदा शेवटपर्यंत वाजवलं. तिसऱ्या कडव्याला हात थांबवले. चर्चमध्ये कुणीच नसल्यामुळे ते कडवं नुसतंच गेलं. मी मनातल्या मनात मोजून चौथ्याला शिरलो, झाकण लावलं आणि घरी आलो.

रविवारी चर्च भरून गेलं. कणसं, भोपळे, तुरीच्या पेंढ्या, सगळं वेदीपुढे मांडलेलं. मी पांढरी चार धरली. पहिलं कडवं उजळ लागलं. मला आवडलं नाही असं म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल. लातूरच्या बायका मोकळ्या गळ्यानं गात होत्या, मॅडम आरशात मान डोलावत होत्या. आमची माणसं जरा ताणून, पण गात होती. दुसरं कडवं तसंच. मग मी हात उचलले.

तिसरं कडवं आमच्या बायकांनी उचललं. नेहमीप्रमाणे, कुणाकडे न बघता. लातूरवाल्या क्षणभर चाचपडल्या आणि मग त्यांच्या मागे गेल्या. पुरुष आले. मी हात मांडीवर ठेवून ऐकत होतो. काहीतरी ओळखीचं वाटत होतं. चौथं कडवं जवळ आलं तसं मी शिरायच्या आधी, कुणाला ऐकू जाणार नाही इतका हलका, एक सूर दाबून पाहिला. पांढरी दोन. सगळं चर्च तिथं येऊन उभं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला कळलंही नव्हतं.

आरशात मॅडम मला हातानं खुणावत होत्या: वर घ्या, वर. पण साथीदारानं गाणारा जिथं असेल तिथं जायचं असतं. मी पांढरी दोनमध्ये शिरलो. पट्ट्या दिसत नव्हत्या, डोळे भरले होते, पण त्या गीताला मला बघावं लागत नाही.

उपासना संपल्यावर मॅडम आल्या. चिडल्या नव्हत्या. "सर, तुमची मंडळी काही जागची हालत नाही. एवढी पक्की पट्टी यांना कुणी शिकवली?"

"माझ्या बायकोनं," मी म्हणालो.

"अरे वा. त्या गायच्या?"

"न्हाई हो," मी म्हणालो. "तिला गाताच येत नव्हतं."