शिवी नाही मामा, जात आहे

लातूरच्या अख्ख्या ट्यूशन एरियात माझ्याइतक्या शिव्या कुणाला येत न्हाईत. म्हणून तर पोरांनी मला दुसऱ्याच्या शिव्या बंद करायच्या कामाला लावलं.

दुपारची मेस चालू होती. मी वरणाचं भगुणं घेऊन वाढत होतो. अनिकेत म्हणून एक पोरगा होता. नांदेडच्या डॉक्टरचा. ज्या सरांचं होस्टेल आन क्लास, त्यांचा सख्खा भाचा. डॉक्टरकीची परीक्षा दुसऱ्यांदा देऊन राहिला होता. तो बाकावर उभा राहिला आन माझ्याकडं बोट करून सगळ्यांसमोर म्हणला, "मामाला ए-बी-सी-डी येत नाही, पण शिव्या झेडपर्यंत येतात. आजपासून मामा आपला मॉडरेटर!"

पोरं टेबलं बडवू लागली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. हसता हसता वरण माझ्याच पायावर सांडलं. पाय भाजला. त्याच्यावर बी हसलो.

त्या पोरांची मोबाइलवर गेमची टोळी होती. लातूर, नांदेड, भोकर, पार देगलूरपर्यंतची पोरं. खेळताना सगळे मोबाइलातल्या एका खोलीत यायचे, बोलत बोलत गोळ्या मारायचे. आन शिव्या अशा, की कंपनीनं ती खोली एकदा बंदच करून टाकली. पुन्हा तसं झालं तर कायमची बंद. मंग कान लावून बसणारा माणूस पाहिजे होता. पोरं खेळण्यात गुंग. मी दुपारी तांदूळ निवडत रिकामा. वाचायची गरज न्हाई. जो बोलतो त्याच्या फोटोभवती हिरवं कडं चमकतं. शिवी आली की त्या फोटोवर बोट दाबायचं, त्याचा माइक बंद. बैलाला बी जमलं असतं, पण बैलाला बोट न्हाई.

मी शाळेत गेलोच न्हाई असं न्हाई. जायला लागलो तवा भूकंप झाला, शाळा पडली. लोक रडत होते आन मी मनात म्हणलो, बरं झालं, सुटलो. दिवस वर आल्यावर कळलं, आजा बी गेला. मंग पत्र्याच्या शेडात राहिलो. शाळा पुन्हा उभी राहिली तवर मी ढोरामागं लागलो होतो. सरकारनं नवं गाव बसवलं. सरळ रस्ते, चौकोनी घरं. आमची ओळ मात्र पुन्हा गावाच्या टोकालाच. एवढी धरणी हलली, ती ओळ हलली न्हाई.

आडनाव आमचं गावावरून. त्याच्यावरून जात कळत न्हाई. मेसमधी कुणी विचारली न्हाई, मी सांगितली न्हाई. मी वाढायचो, बायको पोळ्या लाटायची. मेसमागची खोली राहायला. आन सरांनी शीतलला, माझ्या पोरीला, क्लासमधी फुकट बसू दिलं होतं. तिला बी डॉक्टर व्हायचं होतं. सर वाईट न्हवते. पण आमच्या हातचं पोरं खातात ते जात माहीत न्हाई म्हणून, हे मला आन बायकोला दोघांना माहीत होतं. आम्ही त्याच्यावर कधी बोललो न्हाई.

तर मी मॉडरेटर झालो. खरं सांगतो, मजा आली. देगलूरचं पोरगं तेलुगूत द्यायचं, उदगीरचं कानडीत, नांदेडचं उर्दूत. मला सगळ्या कळायच्या. चांगली शिवी आली तर आधी मनात दाद द्यायचो, मंग बोट दाबायचो. बंद झालेलं पोरगं जेवायला आलं की म्हणायचं, "सॉरी मामा, उद्या नाही देणार." कलेक्टर-डॉक्टर होणारी पोरं, मला सॉरी! मी कॉलर ताठ करून बायकोला म्हणलो, "मी साहेब झालो." ती म्हणली, "साहेब, पिठाचा डबा उतरवा."

मंग एका रविवारी नांदेडच्या दुसऱ्या टोळीसंगं मॅच होती. आपल्यातल्या एका पोराची गोळी हुकली. अनिकेत ओरडला, "काय रे, अमक्यासारखं खेळतोस!" अमक्या म्हणजे माझी जात. ते नाव मी इथं सांगत न्हाई. ही गोष्ट मी सांगतो आन शीतल लिहिते. तिच्या हातानं कशाला लिहायला लावू?

खोलीत सगळे हसले. मी बी हसलो. आधी तोंड हसलं, मंग मला कळलं की कशावर हसलो. अनिकेतच्या फोटोभवती हिरवं कडं चमकत होतं. माझं बोट तांदळातच राहिलं.

मंग ती फॅशनच झाली. कुणी हुकलं की अमक्या. कुणी घाबरलं की अमक्या. आईबहिणीवरून माझ्या भीतीनं कुणी देत न्हवतं, म्हणून सगळ्यांना ही सापडली. मीच रान मोकळं करून दिलं होतं म्हणा की. मी ऐकत राहिलो. मोबाइलची बोंडं कानातून काढली तरी कानात तेच. तांदूळ निवडून झाला तरी निवडत बसायचो.

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणली, "गप ऱ्हावा. पोरीचं वर्ष हाय."

मला वाटलं, इचारून बघावं. शिस्तीत इचारलं तर काय होतंय. जेवणाच्या वेळी अनिकेतच्या ताटाजवळ गेलो.

"दादा, त्या शब्दाचं काय करायचं? बंद करायचा का?"

"कोणता शब्द?"

मला सांगावं लागलं. हातात पळी, समोर सगळी पोरं, आन माझ्या तोंडातून माझ्या जातीचं नाव. हळूच म्हणलो.

"मोठ्यानं बोल ना मामा!"

मोठ्यानं म्हणलो.

तो हसला. "ती शिवी नाही मामा, जात आहे. सर्टिफिकेटवर असते. सरकार शिव्या छापतं का?" मंग मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं. "का रे? तू त्यातला आहेस का?"

सगळी ताटं थांबली. भटारखान्याच्या खिडकीतून बायकोचं लाटणं ऐकू येत होतं, ते बी थांबलं.

मी म्हणलो, "मी वाढप्याच्या जातीचा, दादा. माझ्या जातीत वरण पातळ करतात."

काय हसली पोरं! मी इतका चांगला जोक जन्मात केला न्हवता. आत गेलो तर बायको तव्याकडं बघत होती. शीतल दारात उभी होती, पुस्तक छातीशी धरून. मला वाटलं, तिनं काहीतरी म्हणावं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

पुढच्या मॅचला मी मोबाइलातल्या खोलीत बसलो. तांदूळ घेतलाच न्हाई. थोडा वेळ बरं चाललं. मंग कुणीतरी हुकलं आन अनिकेत म्हणला. तेच.

मी त्याच्या फोटोवर बोट दाबलं.

ती खोली अनिकेतनंच उघडलेली, म्हणजे खोलीचा मालकच बंद. पोरं गडबडली. "अरे, अनिकेतचा आवाज गेला, नेट गेलं का?" मी माझा माइक चालू केला. इतके दिवस कधी केला न्हवता.

"नेट गेलं न्हाई. मी बंद केलं. ती माझी जात हाय. माझ्या बापाची हाय. शिवी म्हणून वापरली की बंद करणार, मंग कुणी का असंना."

मला वाटलं, आता कुणीतरी सॉरी म्हणंल. अनिकेतनं आपला माइक आपणच चालू केला. मालकाला ते येतं, मला माहीत न्हवतं. "मामाला काढा," एवढंच म्हणला. मोबाइल काळा झाला. आमचं क्रांतीचं काम तेवढ्यात आटपलं.

संध्याकाळी मी नेहमीसारखं भगुणं उचललं. काही पोरांनी वाढून घेतलं. काहींनी ताटावर हात आडवा धरला, "आज भूक नाही मामा." भूक न्हाई म्हणणारी पोरं समोरच्या हॉटेलात भजी खाताना दिसली. मला सॉरी म्हणणारी ती बी होती त्यात.

सरांनी बोलावलं. आवाज मऊ. "माझं काही नाही रे. पण पोरांचे पालक असतात. तू उद्यापासून वाढू नको, मागं भांड्याकडं बस. बायको पण तिकडंच. खोली राहू दे, पोरीचा क्लास राहू दे."

सगळं राहू देत होते. फक्त आमचे हात अन्नाला लागू नयेत. नंतर कुणी म्हणलं, सरांवर केस कर. ज्याच्या खोलीत झोपायचं त्याच्यावर केस कशी करायची, ते त्यानं सांगितलं न्हाई.

मी म्हणलो, "सर, वाढायचं तर वाढीन. भांड्याकडं बसणार न्हाई." मला स्वतःलाच ऐकून भ्या वाटलं.

"मग खोली सोड," सर म्हणले. तसंच मऊ.

आता आम्ही नांदेडात हाव. विष्णुपुरीला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्याला, वरणभाताचा गाडा. शीतल गाड्यामागं मोबाइलवर फुकटचे व्हिडिओ बघून अभ्यास करून राहिली. पोरं येतात, जेवता जेवता तीच गेम खेळतात. नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी जात सांगतो, मंग ताट लावतो. कुणी उठून जातं. जाऊ दे. जो बसतो त्यानं ऐकून बसावं. आन कुणाच्याबी जातीची शिवी तोंडात आली की अर्ध्या घासावरनं मी ताट उचलतो. हसत न्हाई. हे मरेपर्यंत असंच. गाडा बुडाला तर बुडाला.

एवढं सांगून मी छाती काढून बसलो, तर शीतल म्हणली,

"पप्पा, सांगताना तुम्ही लई शूर दिसता. क्लास माझा सुटला."